जिवलीच्या नावावरचं पाणी

रखमी आपल्या भावजयीच्या घरचं पाणी शेवटचं प्यायली त्याला आठ वर्षं झाली. एका लग्नात चार बायकांसमोर भावजय म्हणाली होती, "हिच्या हातचा भात नको बाय, ही हॉटेलातल्या लोकांच्या चादरी धुते." तेव्हापासून रखमी दरवर्षी आवणीला भावाच्या शेतावर चार दिवस जाते, सगळ्यांपेक्षा जास्त रोपं लावते, आणि दुपारी बांधावर बसून स्वतःच्या घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पिते. भावजयीच्या डोळ्यांसमोर.

"भांडले असते तं एका दिवसात मिटलं असतं," तिने मला एकदा सांगितलं होतं. "असं केलं की दरसाल तिला आठवतं."

जिवली ही त्याच भावजयीची मुलगी. ज्या घरचं पाणी पीत नाही त्या घरच्या मुलीसाठी रखमीने दोन वर्षं काय केलं ते मी लिहिते आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आमचं रिसॉर्ट डहाणूहून घोलवडला जाताना समुद्राच्या अंगाला, एका जुन्या चिकूवाडीत आहे. मी तिथे ऑफिसात असते. बुकिंग, हजेरी, पत्रं, नोटिसा, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मालक नविनशेठ. आठवड्यातले तीन दिवस वापीला, बाकीचे इथे. आणि इमारत, पाणी, वीज, पंप ह्या सगळ्याचा कारभार मुकेशभाईंकडे. मुकेशभाईंचा शब्द म्हणजे शेठचा शब्द, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

लाँड्री तळघरात आहे. बारा पायऱ्या उतरून जायचं. धुण्याची तीन मोठी मशीनं, सुकवायची दोन, इस्त्रीचं लांब टेबल. वर छताला लागून दोन अरुंद खिडक्या, त्यांतून बाहेरची लॉन दिसते आणि लॉनवर फिरणाऱ्या पाहुण्यांचे फक्त पाय दिसतात. कोणत्या खोलीतली बाई लंगडते, कोणाचा नवरा रागाने चालतो, हे खालच्या बायकांना आमच्या आधी कळतं. कोपऱ्यात जमिनीत एक लोखंडी जाळी आहे. मशीनचं पाणी त्या जाळीखालच्या खड्ड्यात पडतं आणि खड्ड्यातला पंप ते वर उचलून बाहेरच्या गटारात टाकतो.

रखमी तिथे नऊ वर्षं आहे. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर राहते. सकाळी अंधारात निघून दोन जीप बदलून येते. हात साबणाने पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा. कमी बोलते. मात्र एकदा बघितलेली गोष्ट विसरत नाही. चादरीवरचा डाग बघून तो आमटीचा की पानाचा की रक्ताचा, आणि किती दिवसांचा, हे सांगते.

दोन वर्षांपूर्वी तिने जिवलीला कामाला आणलं. तेव्हा जिवली एकोणीस वर्षांची होती. बारावी झालेली, इस्त्रीचा हात चांगला, आणि दिवसभर गुणगुणायची सवय. ती आली आणि महिन्याभरात तळघरात पाणी भरायला लागलं.

रोज नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. जाळीतून पाणी उलटं वर यायचं, घोट्यापर्यंत चढायचं, आणि तासाभरात पंप ते पुन्हा ओढून न्यायचा. पण तेवढ्यात खालच्या पाट्यांतल्या धुतलेल्या चादरी भिजायच्या. आणि पाण्यात उभं राहून विजेच्या मशीनला हात लावायचा म्हणजे काय, हे काय सांगायला हवं? मी एकदा खाली गेले आणि बायकांना म्हटलं, पाणी असेपर्यंत मशीनला शिवू नका. घरी येऊन मात्र मी ते विसरले. माझी मुलगी त्या तळघरात काम करत नव्हती ना.

एका शुक्रवारी पाणी जरा जास्तच चढलं. शेठ आलेले होते. पंप बंद करून मुकेशभाईंनी जाळी उघडायला लावली आणि खड्ड्यातून चिंध्यांचा एक बोळा काढला. मशीन पुसायची जुनी फडकी होती. त्यांनी सगळ्या बायकांना पायऱ्यांशी उभं केलं. मलाही बोलावलं. मग त्यांनी तो ओला, घाण बोळा जिवलीच्या उघड्या तळहातावर ठेवला.

"हे कोणाचं?"

"पुसायचं फडकं हाय," जिवली म्हणाली. "सगळ्याच वापरतात."

"सगळ्या वर्षानुवर्षं वापरतात. पाणी तू आल्यापासून येतंय. शेठ, हिसाब सीधा आहे. जुन्या बायकांना अक्कल आहे, हिला नाही. काम झालं की फडकं जाळीत ढकलून मोकळी."

"मी नाय टाकलं."

"मग काय चादरींना पाय फुटले?"

कोणीतरी हसलं. शेठने घड्याळ बघितलं. रखमी बोलायला पुढे झाली तर मुकेशभाई म्हणाले, "तूच आणलीस ना हिला? मग तू गप्प उभी राहा, नाहीतर तुझंपण नाव लिहायला सांगतो." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुष्पाताई, लिहा."

मी लिहिलं. 'वारंवार सूचना देऊनही सांडपाण्याच्या जाळीत चिंध्या टाकून आस्थापनेचे नुकसान केल्याबद्दल.' एकही सूचना कधी दिली नव्हती, हे मला माहीत होतं. नोटिशीत असं लिहितात, म्हणून लिहिलं. जिवली तो बोळा हातात धरूनच सही करायला वर आली. खाली ठेव म्हणायचंही मला सुचलं नाही.

नंतर ती बोर्डीकडच्या दोन हॉटेलांत काम मागायला गेली. मुकेशभाईंचा शब्द तिच्या आधी पोचला होता. शेवटी घोलवडला चिकूच्या शेडमध्ये तिला जागा मिळाली, फळं निवडून खोक्यात भरायला. तिथल्या बायकांनाही कुठून तरी कळलंच. त्या तिला नावाने हाक मारत नसत. "ए गटार, टोपली इकडे दे," असं म्हणत. तिचं गुणगुणणं बंद झाल्याचं रखमीने मला सांगितलं. एवढंच सांगितलं आणि चादरीच्या घड्या घालत राहिली.

रखमी कामावर राहिली. मला तेव्हा ते आवडलं नाही. भाचीला असं हाकललं आणि ही त्याच माणसाला रोज "भाई" म्हणते, असं वाटायचं. जिवली गेल्यावरही पाणी येत राहिलं. मुकेशभाई म्हणायचे, तिने टाकलेल्या चिंध्या आत पाईपमध्ये अडकल्यात, त्या कुजेपर्यंत येणारच. तळघरात पाणी आलं की, "आली बघा जिवली," असं म्हणायची पद्धतच पडली. पोरगी निघून गेली तरी तिच्या नावावर पाणी चढत होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी रखमी माझ्या टेबलाशी आली. हातात पाण्याने भरलेली काचेची बाटली.

"ताई, वास घ्या."

मी घेतला. औषधाचा वास होता, डोळ्यांना झोंबणारा.

"आता हात घाला."

पाणी गार होतं. तळाशी बारीक वाळू.

"हे आज जाळीतून वर आलं," ती म्हणाली. "आमचं पाणी ऊन असतं. साबणाचं असतं. हलवलं की फेस येतो. ह्याला फेस नाय. आम्ही वाळूत चादरी धुतो का? आज सोमवार. मशीन सुरू व्हायच्या आधी आलं. कायम असंच येतं, सोमवारी नायतर शुक्रवारी. मी दोन वर्षं बघते."

"मग कुठलं पाणी आहे हे?"

"वरच्या स्विमिंग पूलचं. सोमवारी आणि शुक्रवारी हिरूकाका फिल्टरची वाळू धुतात."

हिरूकाका म्हणजे आमचे माळी. झाडांबरोबर स्विमिंग पूलही तेच बघतात. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्विमिंग पूल बांधून झाला तो जिवली कामाला लागली त्याच महिन्यात. फिल्टर धुतल्यावर जे घाण पाणी निघतं, त्याच्यासाठी वेगळा पाईप लॉनखालून बाहेरच्या गटारापर्यंत न्यायचा होता. मध्ये दोन जुनी चिकूची झाडं येत होती, खोदकाम अवघड होतं. मुकेशभाईंनी शेठना सांगितलं होतं, लाइन टाकली. खरं तर त्यांनी फिल्टरच्या खोलीतला पाईप भिंतीपलीकडच्या लाँड्रीच्या खड्ड्यात सोडून दिला होता. एवढं पाणी एकदम आलं की लाँड्रीचा छोटा पंप त्याला पुरा पडत नसे.

"शेठना आत्ता फोन करते," मी म्हटलं.

"नको. मुकेशभाई म्हणेल, दोन बायकांना पाण्याचा वास आला. मला दाखवायचंय. आणि ताई," तिने बाटली उचलली, "शेठला दिसताना सगळ्यांना दिसलं पायजे."

माझी दक्षा आता एकोणीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात बोईसरच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून जाते आहे. आतल्या खोलीत झोपली आहे, आणि मी दहा वेळा तरी मनात मोजलं असेल की तिथे तिच्या वर कोण असेल, त्याच्याही वर कोण असेल, आणि काही बिघडलं तर तिच्या तळहातावर कोण काय आणून ठेवील. रखमीला मी त्या दिवशी फक्त "बरं" म्हटलं. पण मनातून मलाही त्या माणसाची मान खाली गेलेली बघायची होती. खोटं कशाला सांगू?

रखमीने दाखवायची जी रीत निवडली ती तिच्या शेताची होती. डोंगराकडे भाताच्या खाचराचा बांध खेकडे पोखरतात. बांध वरून धड दिसतो आणि खाचरातलं पाणी मात्र जात राहतं. मग तिकडच्या बायका मूठभर तूस, म्हणजे भाताची टरफलं, पाण्यावर सोडतात. तूस तरंगत तरंगत जातं आणि जिथे बीळ असतं तिथे गोल फिरून आत शिरतं. बांधाच्या दुसऱ्या बाजूला ते बाहेर पडलं की खेकड्याची वाट सापडली. रखमीने गिरणीतून तूस आणलं. वर फिल्टरच्या खोलीत घाण पाणी पडायची चौकोनी मोरी आहे, तिच्यात टाकायचं आणि खाली जाळीतून निघालं की झालं.

पण खाचर उघडं असतं, त्याला पंप नसतो. शिवाय दोन वर्षांचा राग मुठीत मावला नसावा. शुक्रवारी सकाळी तिने अख्खी पिशवी मोरीत ओतली.

तूस खाली आलं. भरपूर आलं. खड्ड्यातल्या पंपात जाऊन बसलं आणि पंप गुरगुरून बंद पडला. त्या दिवशी लग्नाचं बुकिंग होतं, सगळ्या खोल्या भरलेल्या. पाणी गुडघ्याला लागलं. ऐंशी चादरी, पाहुण्यांचे टॉवेल, मांडवाचे पांढरे पडदे, सगळं त्या पाण्यात तरंगत होतं आणि सगळ्यावर पिवळट टरफलं चिकटलेली.

मुकेशभाईंनी पंप उघडला, ओंजळभर तूस काढलं आणि ते शेठच्या नाकासमोर धरलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. माणसाला लॉटरी लागावी तसा.

"जुओ शेठ! भाताचं तूस. आपल्या किचनमध्ये तूस येतं? आपल्या वाडीत भात पिकतो? हे तलासरीच्या डोंगरातून आलंय. भाची चिंध्या टाकायची, आत्या तूस टाकते. मी दोन वर्षं बोंबलतोय."

शेठने विचारलं, "रखमी, तू टाकलं?"

"होय," रखमी म्हणाली. "मीच टाकलं."

पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून एकदम श्वास निघाला.

"पण कुठं टाकलं ते विचारा."

"काय विचारायचं!" मुकेशभाई ओरडले. "कबूल झाली ना? शेठ, वर वऱ्हाड चादरी मागतंय आणि आपण हिची गोष्ट ऐकायची?"

शेठना खरंच वेळ नव्हता. ते म्हणाले, सोमवारी बघू, तोवर हिने घरी जावं. जाता जाता माझ्याकडे वळले, "ताई, नोटीस तयार ठेवा."

रखमी पायऱ्या चढून गेली. चपला हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले.

"अगं, एक मूठ टाकायची होतीस ना! पिशवी कशाला?"

"चुकलंच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी नोटीस लिवणार?"

"नाही."

"मागं लिवली होती."

तिने चपला घातल्या. "सोमवारी सकाळी मी येते. लाँड्रीची चावी शेठच्या हातात पायजे. मशीनं बंद, आत कोणी नाय. एवढं करा."

मी ते केलं. शनिवारी हिरूकाकांशी बोलले. ते म्हातारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाले, "मी सोमवारी वाळू धुतो, ह्या सोमवारीपण धुवीन. माझ्या कामात मी खोटं करत नाय." रविवारी रात्री पंप दुरुस्त झाला. सोमवारी सकाळी शेठ आल्यावर मी त्यांना म्हटलं, नोटीस द्यायच्या आधी दहा मिनिटं द्या. आणि ती दिली नाहीत तर नोटीस दुसऱ्या कोणाला लिहायला सांगा. नोकरीत चौदा वर्षांत मी असं पहिल्यांदा बोलले.

रखमी फाटकात उभीच होती. मुकेशभाई तिला बघून हसले. "काय, आज काय आणलंस? गवत?"

"तूसच हाय," ती म्हणाली आणि छोटी पुरचुंडी दाखवली. "शेठ, तुमी तळघर बघून घ्या. कोरडं हाय का, आत कोणी हाय का. मंग कुलूप लावा आणि चावी खिशात ठेवा."

शेठने बघितलं, कुलूप लावलं. मग ती त्यांना फिल्टरच्या खोलीत घेऊन गेली. मागे आम्ही, लाँड्रीच्या सगळ्या बायका, आणि किचनमधली माणसंही. पुरचुंडी तिने शेठच्या हातात दिली.

"तुमीच टाका. ह्या मोरीत. माझा हात नको."

"शेठ, आज फिल्टर धुवायचा दिवस नाही," मुकेशभाई म्हणाले. त्यांचा आवाज आता बदलला होता.

"सोमवार हाय, भाई," हिरूकाका म्हणाले. "दोन वर्षं तुमीच सांगता, सोमवार-शुक्रवार."

शेठने चिमूट चिमूट करून तूस मोरीत टाकलं. हिरूकाकांनी नळ फिरवला. पाणी धाडकन मोरीत पडलं आणि खाली गेलं.

"मुकेश, आ लाइन कुठे जाते?" शेठने विचारलं.

"बाहेर. लॉनखालून."

"चल."

कुलूप उघडून आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा पाणी जाळीतून वर येतच होतं. शेठ शेवटच्या पायरीवर थांबले नाहीत, बुटांसह पाण्यात उतरले. तूस जाळीपाशी गोल गोल फिरत होतं. त्यांनी वाकून एक टरफल उचललं, बोटावर ठेवून बघितलं.

"लॉनखालून," ते म्हणाले.

सगळे मुकेशभाईंकडे बघत होते. रखमी मात्र बघत नव्हती. तिने पदर खोचला, खराटा घेतला आणि पाणी जाळीकडे लोटायला लागली, जसं काही हा रोजचाच सोमवार.

शेठना वाटलं, झालं. त्यांनी मुकेशभाईंना गुजरातीत बरंच सुनावलं, आठ दिवसांत नवी लाइन खोदून हवी म्हणाले. मग रखमीला म्हणाले, "तू कामावर राहा. तुझ्या भाचीलापण बोलव. चला, आता मशीन चालू करा. दोन दिवसांचे कपडे पडलेत."

कोणी हललं नाही.

"मशीन सुरू नाय व्हायचं, शेठ," रखमी म्हणाली.

"आता काय?"

"आधी मुकेशभाई घोलवडला येतील. माझी पोर चिकूच्या शेडमध्ये बसते, तिथं. चाळीस बायका असतात. त्यांच्यासमोर सांगतील पाणी कोणाचं होतं."

"अरे, इथे सांगतो ना तो! मुकेश, सॉरी बोल."

"सॉरी," मुकेशभाई घाईघाईने म्हणाले. "गलती झाली, बेन."

"मला कोण गटार म्हणतं?" रखमीने विचारलं. "मला नको. जिला म्हणतात तिला पायजे. आणि जे म्हणतात त्यांच्या कानात पायजे."

शेठने बाकीच्या बायकांकडे बघितलं. त्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या शुक्रवारी जिवलीवर हसलेली बाई आज सगळ्यांत पुढे होती. वरच्या खिडकीतून लॉनवरचे पाहुण्यांचे पाय दिसत होते, आणि वरून कोणीतरी टॉवेल मागत होतं.

"उद्या जा त्याला घेऊन," शेठ म्हणाले. "माझी गाडी न्या."

"आणि ताईपण," रखमी म्हणाली.

मी दचकले. "मी तर येणारच आहे, तुझ्यासोबत."

"माझ्यासोबत नाय. त्याच्या बाजूला उभ्या राहायला. त्याने सांगितलं, तुमी लिवलं."

ती हे रागाने म्हणाली नाही. चादर मोजावी तसं म्हणाली. दोन दिवस मी तिच्यासाठी नोकरी पणाला लावली होती आणि मनात स्वतःला तिच्या बाजूची धरून चालले होते. तिच्या हिशेबात मी दुसऱ्या बाजूला होते. घरी गेल्यावर मी दक्षाला काही सांगितलं नाही. नुसती तिच्या ताटात वाढत राहिले, ती म्हणाली, आई, पुरे.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं शेठच्या गाडीतून गेलो. मुकेशभाई पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. पूर्ण रस्ताभर ते मोबाईलवर बोटं फिरवत होते, पण मागून मला दिसत होतं की पडदा काळाच होता.

शेड म्हणजे वर पत्रा, खाली सारवलेली जमीन. बायका चिकूच्या ढिगांभोवती गोल करून बसल्या होत्या. मोठं फळ एका टोपलीत, मध्यम दुसऱ्या, डागी बाजूला. जिवली कडेला बसली होती. तिने आम्हाला बघितलं, मुकेशभाईंना बघितलं, आणि पुन्हा खाली बघून फळं निवडायला लागली. हात थोडा जलद चालत होता, एवढंच.

शेडच्या मुकादमीण बाईंशी रखमी आधीच बोललेली असणार. त्या म्हणाल्या, "बोला काय ते."

"जिवली," मुकेशभाईंनी घसा साफ केला.

"टोपली भरू दे," जिवली मान वर न करता म्हणाली. "मंग बोला."

टोपली अर्धीच झाली होती. ती एकेक चिकू उचलून, फिरवून, देठाकडून बघून ठेवू लागली. मुकेशभाई उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. उन्हाचा पट्टा नेमका आमच्यावर येत होता आणि बसा म्हणायला कोणी तयार नव्हतं. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक म्हणाली, "साहेबांना टोपली उचलायला लावा." हशा पिकला. रखमी खोक्यांना टेकून सावलीत बसली होती. पाय पसरून, निवांत. नऊ वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

टोपली भरली. जिवलीने हात पुसले.

"बोला."

"ते पाण्याचं... जरा गैरसमज झाला होता," मुकेशभाई म्हणाले.

"गैरसमज नाय," सावलीतून रखमी म्हणाली. "कोणी काय केलं ते सांगा. आणि मागच्यांना ऐकू जात नाय."

मुकेशभाईंनी आवाज चढवला. मान खाली होती, आवाज वर. विचित्रच दिसत होतं ते. "स्विमिंग पूलचा पाईप मी लाँड्रीच्या खड्ड्यात सोडला होता. खोदायचं टाळलं. त्याचं पाणी येत होतं. ह्या मुलीने काही टाकलं नव्हतं. मला माहीत होतं."

"कधी माहीत होतं?" जिवलीने विचारलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"बोळा माझ्या हातावर ठेवला तेव्हा माहीत होतं?"

"होय."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. जिवलीने माझ्याकडे बघितलं.

"आणि ताई, तुमी?"

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडातून आलं नाही. "तुला सूचना दिली होती असं मी लिहिलं," मी म्हटलं. "कधीच दिली नव्हती. मी तुला एक शब्द विचारला नाही."

नवीन पत्र माझ्या पर्समध्ये होतं, शेठच्या सहीचं, जुनी नोटीस रद्द केल्याचं. मी ते पुढे केलं. तिने घेतलं, सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि मुकेशभाईंच्या हातात दिलं.

"वाचा."

त्यांनी वाचलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तारखेसकट. मग पत्र परत देऊन रुमालाने मानेवरचा घाम पुसत गाडीकडे वळले.

"शेठनी तुला कामावर बोलावलंय," मी जिवलीला म्हटलं.

"त्या तळघरात मी येणार नाय." तिने पत्राची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दुसरी टोपली पुढे ओढली. "पण ह्यांना उद्या परत पाठवा."

"उद्या? कशाला?"

"ह्या बाया मंगळवार-गुरुवारच्या. बुधवारी दुसरी टोळी असते. त्यापण मला गटार म्हणतात."

मुकेशभाई गाडीच्या दाराशी थबकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. मी पर्स बंद केली.

रखमी उठली, लुगडं झटकलं.

"किती वाजता येतात गं त्या?" तिने विचारलं.

"आठला."

"मंग साडेसातला निघू," ती मुकेशभाईंना म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. ह्या वेळी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी.